रुंद चाकं बसवायचीत? मॅगव्हीलचा फोटो बाजूला ठेवा, आधी दाराचं स्टिकर वाचा

या विषयावर मला येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्यानं सुरू होतो: "रिम घेऊन आलोय, आता टायर कुठला टाकू?" म्हणजे गडी पुण्यातल्या नाना पेठेत गेला, भिंतीवर टांगलेलं काळं मॅगव्हील (अलॉयचं रिम) नजरेत भरलं, चार नग डिकीत टाकले आणि घरी आल्यावर विचार सुरू झाला. इथे क्रमच उलटा झाला. आधी कागद, मग टायर, मग रिम, मग नट. रंग आणि डिझाइन सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर रुंद चाकं बसवणं फार अवघड नाही. चुकला, तर टायर मडगार्डला घासतो, स्टिअरिंग थरथरतं आणि विम्याच्या क्लेमच्या वेळी सर्व्हेअर चाकांचे फोटो जरा जास्तच काढतो.

उदाहरणासाठी ह्युंदाई क्रेटा घेऊ. पुण्यात ती गल्लोगल्ली दिसते आणि तिला वेगवेगळ्या व्हेरियंटमध्ये कंपनीकडूनच दोन साइझ आले आहेत: २०५/६५ आर१६ आणि २१५/६० आर१७. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे तुमचे घाला, रीत हीच.

## टप्पा १: स्टिकर, मॅन्युअल आणि कायदा

ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. मधल्या खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतं. त्यावर टायरचा साइझ आणि थंड टायरमधल्या हवेचा आकडा असतो. मग गाडीचं मॅन्युअल काढा, ते बहुधा अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच असेल. शेवटच्या भागात तुमच्या मॉडेलच्या सगळ्या व्हेरियंटचे टायर, रिमची रुंदी आणि नट आवळायचा टॉर्क, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा तो आकडा, दिलेला असतो. एका कागदावर पाच गोष्टी उतरवा: टायरचा साइझ, त्यापुढचा लोड इंडेक्स, स्पीडचं अक्षर, रिमची रुंदी आणि टॉर्क. खरेदीला जाताना हा कागद खिशात हवा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए नव्यानं लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९५ टायरच्या साइझविषयीच आहे.

"आरसीवर टायरचा साइझ लिहिलेलाच नसतो, मग कोण पकडणार?" हा युक्तिवाद दुकानात चहाबरोबर फुकट मिळतो. पण गाडीला मंजुरी मिळते ती उत्पादकानं कळवलेल्या साइझवर. म्हणून माझी रेघ सरळ आहे: तुमच्याच मॉडेलच्या, तुमच्याच पिढीच्या कुठल्याही व्हेरियंटला कंपनीनं जो साइझ दिलाय, तिथपर्यंत जायचं. खालच्या व्हेरियंटवरून वरच्या व्हेरियंटच्या चाकांवर गेलात तर गाडी रुंदही दिसते आणि हातात दाखवायला मॅन्युअलचं पान असतं. त्यापलीकडे गेलात की ते पान तुमच्याच विरोधात बोलतं.

सावध: "संगम पुलाजवळच्या आरटीओत माझी ओळख आहे, पास करून देतो" असं कुणी म्हणालं तर पुढच्या दुकानात जा. कंपनीनं न दिलेला साइझ ओळखीनं कायदेशीर होत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधीच ईमेलवर विचारून ठेवा. तोंडी "चालतंय की" याला किंमत नाही. वॉरंटीतला वाद उभा राहतो तो बेअरिंग, शॉकअप आणि स्टिअरिंगच्या पार्ट्सवर, आणि नेमकी रुंद चाकं याच पार्ट्सना त्रास देतात.

## टप्पा २: टायर ठरवा

२१५/६० आर१७ म्हणजे टायर २१५ मिमी रुंद, त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १७ इंची. यावरून पूर्ण चाकाचा व्यास काढा. २१५ चे ६० टक्के १२९. अशा भिंती वर आणि खाली दोन, म्हणजे २५८. १७ इंच म्हणजे ४३१.८. बेरीज ६८९.८ मिमी. हीच रीत २०५/६५ आर१६ ला लावली तर ६७२.९ येतात. फरक अडीच टक्क्यांचा. स्पीडोमीटर लहान चाकावर बेतलेला असेल तर मोठं चाक बसवल्यावर काटा १०० दाखवताना गाडी आधीपेक्षा अडीच टक्के जास्त धावत असते.

इथे हुशार लोक एक चूक करतात. ते हिशोब करून २३५/५५ आर१७ शोधून काढतात. त्याचा व्यास ६९०.३ मिमी, २१५/६० पेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त. "बघा, स्पीडोमीटर अचूक, म्हणजे कायदेशीर!" नाही. स्पीडोमीटर बरोबर दाखवणं वेगळं आणि साइझ मॅन्युअलमध्ये असणं वेगळं. पहिलं गणितात बसतं, दुसरं कायद्यात. दोन्ही लागतात.

मग लोड इंडेक्स. साइझच्या पुढे ९६एच असं काही लिहिलेलं असतं. ९६ म्हणजे एका टायरची ७१० किलो वजनाची क्षमता, ९५ म्हणजे ६९०, ९४ म्हणजे ६७०. एच म्हणजे ताशी २१० किमी, टी म्हणजे १९०. मूळ टायरपेक्षा दोन्हींपैकी काहीही खाली आणू नका. स्वस्तात मिळणाऱ्या, पण एसयूव्हीसाठी नसलेल्या टायरमध्ये साइझ जुळतो आणि लोड इंडेक्स तीन-चार आकड्यांनी घसरतो. काउंटरवर कुणी ते वाचत नाही. पाच माणसं आणि कोकणातून परत येताना डिकीत भरलेल्या आंब्याच्या पेट्या, एवढं वजन त्या टायरवर येणार असतं.

तपासणी: टायरच्या बाजूवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६३३ हा क्रमांक पाहा. शेजारीच लंबगोलात चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच सुमाराचे घ्या. दुकानदार तीन नवे आणि एक "जरासा जुना" खपवायला बघतो.

पुण्याच्या पावसाबद्दल एक. टायर जितका रुंद, तितकं पाणी बाजूला सारायचं काम वाढतं, आणि झिजलेला रुंद टायर पाण्याच्या थरावर लवकर तरंगतो. कायद्यानं नक्षीची खोली किमान १.६ मिमी हवी. पण ताम्हिणीत जुलै महिन्यात १.६ मिमीवर गाडी घालणारा माणूस धाडसी नाही, बेफिकीर आहे. रुंद टायर ३ मिमीला आला की बदलायची तयारी ठेवा.

## टप्पा ३: रिम. इथेच पैसे बुडतात

रिमचे पाच आकडे असतात: रुंदी, नटांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी, ऑफसेट, मधलं भोक आणि वजन झेलायची क्षमता. दुकानात बोलणं पहिल्या दोनांवर संपतं. पुढच्या तीनवर कुणी तोंड उघडत नाही, आणि नंतरच्या तक्रारी त्याच तीनमधून येतात.

रुंदी. ७जे म्हणजे टायर जिथे बसतो त्या दोन कडांमधलं अंतर सात इंच. २१५/६० आर१७ हा टायर ६ ते ७.५ इंची रिमवर बसतो. बसतो म्हणजे बसवावाच असं नाही. मूळ रिम ६.५जे असेल तर मी ७जे वर थांबतो. ७.५ वर टायर ताणला जातो, रिमची कडा बाहेर उघडी पडते आणि सोसायटीच्या गेटजवळचा फूटपाथ तिला पहिल्याच आठवड्यात खरवडतो.

पीसीडी. क्रेटाचं ५×११४.३, म्हणजे पाच नट, ११४.३ मिमीच्या वर्तुळावर. सहा नटांच्या चाकात समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर थेट मोजता येतं. पाचात समोर भोकच नसतं. म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७०१ नं गुणा. ११४.३ साठी ते अंतर ६७.२ मिमी भरतं, ११२ साठी ६५.८. फरक दीड मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणूनच ११२ चं रिम ११४.३ वर जोर लावून चढवणारे भेटतात. नट तिरके बसतात, बोल्टवर सतत ताण राहतो आणि एक दिवस तो तुटतो. मोजायला टेप नको, व्हर्निअर घ्या.

ऑफसेट. याच्यावर थोडा वेळ घालवा. रिम जिथे हबला (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्याला) टेकतं तो पृष्ठभाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. आऱ्याच्या मागे ईटी ४५ असा कोरलेला किंवा उमटवलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत जातं.

समजा तुमचं मूळ रिम ६.५जे, ईटी ४५ आहे. नवीन ७जे, ईटी ४५ घेतलंत. रुंदी अर्धा इंच वाढली, म्हणजे १२.७ मिमी. त्याचं अर्धं बाहेर आणि अर्धं आत, प्रत्येकी ६.३५ मिमी. हेच ७जे तुम्ही ईटी ४० मध्ये घेतलंत तर पूर्ण चाक आणखी ५ मिमी बाहेर सरकलं: बाहेर ११.३५, आत फक्त १.३५. आता बाजारात सर्रास मिळणारं ७.५जे, ईटी ३५ बघा. रुंदीतली वाढ २५.४, तिचं अर्धं १२.७, वर ऑफसेटचे १० मिळवले की बाहेर २२.७ मिमी. दोन्ही बाजू धरून गाडी साडेचार सेंटिमीटर रुंद. फोटोत झकास दिसतं. पण टायर मडगार्डच्या बाहेर डोकावतो, मागच्या गाडीच्या काचेवर खडे उडवतो, बेअरिंगवर तरफेसारखा भार टाकतो आणि खड्ड्यात गेला की स्टिअरिंग हातातून ओढून घेतो.

ऑफसेट कोरलेला नसेल तर मोजता येतो. रिम उपडं ठेवा, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर घ्या. ७जे रिमची कडांसकट पूर्ण रुंदी साधारण आठ इंच असते, म्हणजे २०३ मिमी, आणि तिचं अर्धं १०१.५. तुमचं माप १४६.५ आलं तर ऑफसेट ४५. दुकानदारासमोर हे एकदा करून दाखवा, पुढचा भाव तो नीट सांगतो.

सावध: ऑफसेट जुळवायला मधे स्पेसरच्या चकत्या टाकू नका. बोल्टचे आटे तेवढे कमी पकडले जातात, आणि चाक बाहेर आल्याचे सगळे दोष वर फुकट मिळतात.

मधलं भोक. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून सतरा इंची मॅगव्हील घेतली. माझ्या गाडीच्या हबचा व्यास ६७.१ मिमी आणि रिमचं भोक ७३.१. बाजारातली रिम अनेक गाड्यांना बसावीत म्हणून भोक मोठंच ठेवलेलं असतं. मधली फट भरायला हबरिंग लागते हे मला माहीत नव्हतं, आणि बसवणाऱ्याला माहीत असलं तरी तो बोलला नाही. एक्स्प्रेस वेवर नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. परत गेलो, बॅलन्सिंग झालं. पुन्हा थरथर. पुन्हा बॅलन्सिंग. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "नवीन टायर आहे साहेब, हजार किलोमीटरमध्ये सेट होईल." शेवटी धायरीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं चाक काढलं, हब आणि रिममधल्या फटीत नख सरकवून दाखवलं आणि विचारलं, "ह्या फटीत काय घालायचं राहिलं?" तीन मिलिमीटरची फट होती, सगळीकडून. चार रिंग आल्या आणि थरथर गेली.

तर रिंगचा बाहेरचा व्यास रिमच्या भोकाइतका, आतला हबइतका. ॲल्युमिनियमची घ्या. प्लॅस्टिकची घाटात ब्रेक तापले की मऊ पडते.

वजनक्षमता. रिमच्या मागे कमाल भार किलोमध्ये लिहिलेला असतो. गाडीच्या एका ॲक्सलवर येणाऱ्या कमाल वजनाच्या निम्म्यापेक्षा तो कमी नको. जपानी मानकाचं जेडब्ल्यूएल हे चिन्ह किंवा आयएसआय चिन्ह शोधा. भार, चिन्ह, बनवणाऱ्याचं नाव यांपैकी काहीच नसेल तर ते रिम कितीही देखणं असलं तरी ठेवून या. कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय आणि भोसरीत सीआयआरटी, वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या दोन नावाजलेल्या संस्था याच शहरात आहेत, आणि आपण चाक घेतो चमक बघून!

जाता जाता रिमचं वजनही करा. घरातला वजनकाटा पुरतो. स्वस्त ओतीव मॅगव्हील मूळ रिमपेक्षा जड निघालं तर खड्ड्याचा दणका जास्त बसतो आणि ॲव्हरेजही घसरतं.

## टप्पा ४: नट

कंपनीचे नट नव्या रिमला चालतीलच असं नाही. नट रिमला जिथे टेकतो त्या जागेचा आकार तीन तऱ्हांचा असतो: ६० अंशांचा शंकू, गोल चेंडूसारखा, किंवा सपाट वॉशरचा. रिमचा खळगा शंकूचा आणि नट गोल असेल तर दोघे एका बारीक रेषेवरच टेकतात. टॉर्क बरोबर लागतो, पाना "कट" वाजतो, आणि पाचशे किलोमीटरनंतर नट सैल. नटाच्या बुडाला मार्करचा रंग लावा, हातानं आवळा, काढा. खळग्यात रंगाचं पूर्ण कडं उमटलं तर जोडी जुळली. नुसती रेघ उमटली तर नट बदला.

आटे वेगळे पाहा. ह्युंदाई-किया एम१२×१.५, मारुती एम१२×१.२५. दिसायला जुळे भाऊ. चुकीचा नट दोन फेरे हातानं जातो, मग अडतो, आणि तिथेच कुणीतरी गन (यंत्रावर चालणारा पाना) मारतो. गेला बोल्ट.

तपासणी: हातानं फिरवताना नट किती पूर्ण फेरे घेतो ते मोजा. १२ मिमीच्या बोल्टवर निदान १२ मिमी आटे पकडले गेले पाहिजेत. म्हणजे १.५ च्या आट्यावर आठ फेरे, १.२५ वर दहा. कमी भरले तर लांब शँकचे नट लागतील.

## टप्पा ५: चारही चढवण्याआधी एकाची रंगीत तालीम

टायर एकदा रिमवर चढला की दुकानदार परत घेत नाही. म्हणून पैसे देण्याआधी ठरवा, आणि बिलावर लिहून घ्या: एकच टायर चढवून पुढे आणि मागे लावून पाहणार, घासला तर रिम परत.

पुढच्या डाव्या बाजूला लावा. हातानं फिरवा. ब्रेकचं कॅलिपर आणि रिमच्या आतल्या भागात फट दिसली पाहिजे. बॅलन्सिंगची चिकटणारी वजनं तिथेच आत बसतात आणि त्यांना जागा लागते, हे विसरलं जातं. टायर आणि शॉकअपमध्ये करंगळी सहज फिरली पाहिजे. मग गाडी जमिनीवर घेऊन स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. तसंच वळवून रिव्हर्स. घासण्याचा आवाज बऱ्याचदा रिव्हर्समध्येच येतो.

बाहेरच्या बाजूला गवंड्याचा ओळंबा वापरा. नसेल तर जाड दोऱ्याला एक नट बांधा. मडगार्डच्या कडेला, चाकाच्या बरोबर वर दोरा धरा. टायरचा फुगीर भाग दोऱ्याच्या आत राहिला पाहिजे. दोऱ्याला ढकलून बाहेर आला तर हे रिम तुमचं नाही. कायद्याची बाजू राहू द्या, पावसात पहिल्याच फेरीत चिखल दाराच्या हँडलपर्यंत चढेल.

आतल्या बाजूसाठी मुलांच्या खेळण्यातली क्ले आणा. वाटाण्याएवढे गोळे मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकवर, वर आणि पुढे-मागे चिकटवा. पाच जणांना गाडीत बसवा. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवरून एकच चाक चढेल अशी गाडी तिरकी घ्या, हळू. परत येऊन गोळे बघा. दबला नसेल तर उत्तम. चपटा झाला असेल तर त्याची जाडी म्हणजे शिल्लक राहिलेली जागा. ती ५ मिमीपेक्षा कमी असेल तर मी ते रिम घेत नाही, कारण भरल्या गाडीचा दिवे घाटातला आपटा सोसायटीच्या स्पीडब्रेकरपेक्षा मोठा असतो.

सावध: "थोडं मडगार्ड आतून कापून देतो, कुणाला दिसत नाही" ही दुरुस्ती नाही. साइझ चुकल्याची ती कबुली आहे.

## टप्पा ६: बसवणं

क्रम असा. आधी टायर रिमवर, मग बॅलन्सिंग, मग गाडीवर.

१. टायरवर आउटसाइड किंवा फिरण्याची दिशा छापली असेल तर ती जुळवून चढवा. टीपीएमएसचे, म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब कळवणारे, सेन्सर असतील तर ते जुन्या रिममधून काढून नव्यात घालायला सांगा. टायर सोडवण्याचं हत्यार व्हॉल्व्हच्या बाजूनं फिरलं की सेन्सर मोडतो, म्हणून तिथे स्वतः उभे राहा.

२. बॅलन्सिंगच्या मशीनवर रिम मधल्या भोकावर, मागच्या बाजूनं शंकूच्या आकाराचा कोन लावून धरलेलं हवं. एका चाकाला ७०-८० ग्रॅम वजन लागायला लागलं तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा.

३. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, तिरक्या समोरच्या चाकाला दगड. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक.

४. हबवरचा गंज वायर ब्रशनं साफ करा. ही पायरी जवळपास सगळे गाळतात. गंजाचा एक पापुद्रा मधे राहिला तर चाक किंचित तिरकं बसतं. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, टॉर्कचा आकडा खोटा होतो.

५. हबरिंग बसवा, चाक चढवा, सगळे नट हातानं फिरवा. एकही नट हातानं जात नसेल तर थांबा.

६. चांदणीच्या क्रमानं आवळा. घड्याळाच्या दिशेनं १ ते ५ क्रमांक धरले तर १, ३, ५, २, ४.

७. गाडी खाली घेऊन टॉर्क रेंच. क्रेटाचा आकडा १०७ ते १२७ न्यूटन-मीटर. मी आधी ६० वर एक फेरी आणि मग ११० वर दुसरी मारतो. तुमचा आकडा मॅन्युअलमधून घ्या.

सावध: गननं आवळलेला नट टॉर्क रेंचनं "तपासणं" निरर्थक आहे. गननं तो दोनशेवर नेला असेल तर ११० चा पाना लगेच वाजणार आणि सगळं ठीक वाटणार. गन फक्त काढायला. दुकानात टॉर्क रेंच नसेल तर स्वतःचा न्या, किंवा दुकान बदला.

## टप्पा ७: हवा, अलाइनमेंट, रस्ता

हवा स्टिकरवरच्या आकड्यानं. तुम्ही वरच्या व्हेरियंटचा साइझ घेतलाय, तेव्हा त्या व्हेरियंटचा आकडा. नायट्रोजनच्या वादात मी पडत नाही. साधी हवा, पण दर पंधरा दिवसांनी सकाळी थंड टायरमध्ये तपासलेली.

अलाइनमेंट लगेच करा. प्रिंट मागा, आधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही असलेला.

मग रस्ता, तीन भागांत. पहिल्यांदा घराजवळ तीसच्या आत, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद. मग बोपदेव घाट चढून-उतरून, तीव्र वळणांवर घासण्याचा आवाज येतो का ऐकत. शेवटी बायपासवर ऐंशी-नव्वद. स्टिअरिंगमध्ये थरथर असेल तर पुढचं चाक, सीटमध्ये जाणवली तर बहुधा मागचं. मोबाइलवरच्या जीपीएसचा वेग स्पीडोमीटरशी एकदा ताडून बघा.

५० ते १०० किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, सगळे नट पुन्हा त्याच टॉर्कवर. शहरातून खेड शिवापूरला जाऊन आलात की पन्नासच्या आसपास होतात. नवे मॅगव्हील पहिल्या काही किलोमीटरमध्ये हबवर थोडं बसतं आणि नट ढिले होतात, दरवेळी नाही, पण ज्या वेळी होतात ती वेळ तुम्हाला नको असते.

## टप्पा ८: विमा आणि स्टेपनी

जीएसटी बिल घ्या, त्यावर रिमचा आणि टायरचा साइझ लिहून घ्या. विमा कंपनीला ईमेल करून चाकांची नोंद पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये करून घ्या. थोडा प्रीमियम वाढतो. न कळवलेल्या चाकांचे पैसे क्लेममध्ये मिळत नाहीत, आणि अपघाताला चाकांचा बदल कारण होता असं दिसलं तर पूर्ण क्लेम अडकू शकतो.

स्टेपनी बहुधा जुन्याच रिमची राहते. तिला जुनेच नट लागतात! रात्री अकरा वाजता खंबाटकीत पंक्चर झाल्यावर हे आठवून उपयोग नाही. पाच जुने नट कापडी पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा. नव्या नटांना वेगळी चावी लागत असेल तर ती त्याच पिशवीत. स्टेपनी एखाद-दोन सेंटिमीटर लहान असेल तर तिच्यावर हळू, सरळ जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीत तर त्याहून एक किलोमीटर जास्त नको.

जुनी चार चाकं लगेच विकू नका. वॉरंटी संपेपर्यंत पार्किंगच्या कोपऱ्यात पडू देत, गाडी विकतानाही उपयोगी येतात.

आणि पहिल्या टप्प्यात केलेला तो कागद? त्याच्या मागच्या बाजूला नव्या रिमची रुंदी, ईटी, रिंगचे दोन व्यास, नटाचे आटे आणि टॉर्क लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये टाका. खाली दुसऱ्यांदा पाना लावल्याची तारीख आणि किलोमीटर.